सांगायची राहिलेली चांगली बातमी

सकाळी शाळेच्या गणवेशांची घाई असते. चार मजली इमारतीच्या जिन्याखाली, जिथे एरवी लोक सायकली आणि अडगळ ठेवतात, तिथे इस्त्रीवालीचं टेबल होतं. टेबलामागे एक दार आणि दारामागे तिची एकच खोली. वरच्या मजल्यांवरची मुलं उठायच्या आत त्यांचे गणवेश हँगरवर लागलेले असत. कॉलर दोनदा फिरवायची, खिशाचं टोक बोटानं सरळ करायचं आणि मगच हँगर उचलायचा, अशी तिची पद्धत होती. स्वतःच्या मुलीचा गणवेश ती सगळ्यांत शेवटी करी आणि त्याला सगळ्यांत जास्त वेळ लावी.

मुलीचं शाळेतलं नाव चांगलं ऐटदार होतं, पण ते फक्त हजेरीला कामी येई. लहानपणी टेबलाखाली बसून ती लोकांच्या शर्टांची पडलेली बटणं गोळा करायची, म्हणून सगळी इमारत तिला बटणी म्हणायची. आठवीत गेली तरी बटणीच.

"आई, शनिवारी मेळाव्याला हा गणवेश नको," बटणी वेणी घालता घालता म्हणाली. "बाईंनी जुना घालायला सांगितलाय. कोपरावर फाटलेला."

"तो तर मी पुसायला काढलाय."

"तोच. आणि इस्त्री करू नको म्हणाल्या."

"इस्त्री करू नको?"

"कडक इस्त्रीत बरं दिसत नाही म्हणे." बटणीनं वेणीला गाठ मारली आणि खाली बघत वाक्य पुरं केलं. "म्हणजे... गरीब दिसत नाही."

इस्त्रीवालीच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचा पांढरा शर्ट जळता जळता वाचला. अख्ख्या इमारतीच्या सुरकुत्या जिच्या हाताखालून जातात, तिनं आपली पोर चुरगळून पाठवायची. तिला राग आला. पण हा राग कुठे न्यायचा हे तिला कळेना, कारण ज्यांच्यावर तो आला होता त्यांचे उपकार तिच्या घरात, पलंगाशेजारी, चाकं लावून उभे होते.

हे उपकार काय होते ते आधी सांगायला हवं, आणि ते खरेच होते हेही. तिचा नवरा रंगारी. मोठमोठ्या इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. एक दिवस परांची सुटली आणि तो खाली आला. जीव वाचला, पण कंबर आणि पाय गेल्यातच जमा होते. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ऑपरेशन म्हटलं की या खोलीत नुसता शब्द उच्चारायचीही ऐपत नव्हती. तेव्हा बटणीच्या शाळेतली मुलं धावून आली. कुणी मोटारी धुतल्या, कुणी घरी केलेली बिस्किटं विकली, कुणी दारोदार डबे फिरवले. एका मेळाव्यात रक्कम उभी राहिली आणि रंगाऱ्याचं ऑपरेशन झालं. हार्डवेअरच्या दुकानाच्या मालकांनी वर चाकांची खुर्ची दिली. तिच्या पाठीवर त्यांच्या दुकानाच्या नावाची पाटी होती, आणि तिच्याकडे बघून रंगारी पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "खुर्ची झकास आहे. अक्षरं मात्र कुणी झोपेत काढलीत."

तो असाच होता. कमरेत सळई घातलेला माणूस सळईवरही विनोद करायचा.

वर्ष सरत आलं तसा तो आधी भिंतीला धरून, मग काठीला धरून चालायला लागला. ज्या दिवशी तो पलंगापासून दारापर्यंत काठीवर गेला आणि परत आला, त्या दिवशी इस्त्रीवाली रडली, हसली, आणि इस्त्री तशीच तापत ठेवून शाळेकडे धावत सुटली. ही बातमी सगळ्यांत आधी शाळेला सांगायची, असं तिनं मनाशी कधीचंच ठरवलं होतं. मोठ्या बाईंच्या खोलीत ती धापा टाकत शिरली. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, मनानं चांगल्या.

"अगदी वेळेवर आलात!" तिनं तोंड उघडायच्या आत मोठ्या बाई म्हणाल्या. "यंदाच्या मेळाव्याच्या निमित्तानं तुमच्याबद्दलच बोलत होतो. पाहुण्यांपुढे रंगाऱ्यांना खुर्चीवरून आणायचं आणि बटणीनं आभाराचे दोन शब्द बोलायचे. तिची फीसुद्धा याच निधीतून जाते, तुम्हाला माहीतच आहे. आणि खालच्या वर्गातल्या एका मुलीला कानाचं यंत्र हवंय. लोक कशाकडे बघून देतात? तुमच्याकडे बघून देतात." मग त्या थांबल्या. "तुम्ही काय सांगत होतात?"

इस्त्रीवालीनं ओठावर आलेली बातमी गिळली. "काही नाही, सहज आले होते," म्हणाली.

झालं. बस, एवढीच चूक. चोरी नाही, लबाडी नाही, एक चांगली बातमी सांगायची राहिली. आपल्या माणसाचं दुखणं लपवणारे घरोघरी सापडतील; पण आपला माणूस बरा झाला हे लपवायची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांच्या कोंडीचा अंदाज बाहेरून येत नाही. या मेळाव्यानंतर सांगू, असं ती तेव्हा म्हणाली. मेळावा झाला, रंगारी खुर्चीत बसून आला, लोकांनी डोळे टिपले, कानाच्या यंत्रासाठी बरीच भर पडली, तरी रक्कम पुरी झाली नाही. मग सांगायला गेली तर मोठ्या बाई म्हणतील, परवा तर खुर्चीत होते! म्हणून पुढच्या महिन्यात. मग निकालानंतर. मग फी भरून झाल्यावर. बघता बघता पुढचा मेळावा समोर येऊन उभा राहिला.

तेवढ्या अवधीत त्या खोलीचा तुरुंग झाला होता. खिडकीला जाड पडदा आला. रंगाऱ्यानं चालायचं ते पडद्याच्या आत, पलंगापासून चुलीपर्यंत. बाहेर जायचं ते खुर्चीतून, आणि खुर्ची ढकलणार बायको. वरचे लोक जिन्यावरून उतरताना थांबून विचारत, "काय म्हणतात आमचे रंगारी?" आणि तो आत पडदा धरून उभा असताना ती म्हणे, "आहेत, पडून आहेत."

"पडून आहेत!" आतून तो कुजबुजे. "अगं, निदान बसून आहेत तरी म्हण. तेवढी तरी बढती दे."

ती हसत नसे.

हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या बाई दर वेळी पाय हलवून बघत. गेल्या खेपेला त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "खुबा आखडत चाललाय. मागे यापेक्षा बरा होता. बाहेर चालत नाही का तुम्ही? खोलीत चालून भागत नाही, रस्ता हवा. असंच राहिलं तर काही दिवसांनी मी काहीही केलं तरी सुटणार नाही." रंगारी म्हणाला, "आळस, बाई. जन्माचा आळशी आहे मी." इस्त्रीवाली भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिली. या माणसानं कामाचा एक दिवस कधी बुडवला नव्हता.

आणि त्यात बेकरीवाला आला. समोरच्याच रस्त्यावर त्याची बेकरी. दुकानाची पाटी उन्हानं विटली होती आणि ती रंगाऱ्याकडूनच लिहून हवी होती. "बसूनच करा हवं तर," तो म्हणाला, "पण शेवटचा हात पाटी वर चढवल्यावर लागेल. स्टुलाला धरून थोडं उभं राहता आलं तर बघा."

तो गेल्यावर रंगाऱ्यानं पलंगाखालचा डबा काढला. त्यात त्याचे ब्रश होते, कापडात गुंडाळलेले. "उभं राहता येतं मला," तो म्हणाला.

"मेळावा होऊ द्या."

"मेळावा, मेळावा! परांचीवरून पडलो तेव्हा कळ आली आणि गेली. ही कळ जातच नाही." मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बरं. होऊ दे मेळावा."

तिला तो रागावला असता तर परवडलं असतं. ती बाहेर आली आणि एकच चादर पुन्हा पुन्हा दाबत राहिली. त्याला कोंडणारी आता शाळा नव्हती, लोकही नव्हते. पडदा तिनं लावला होता आणि खुर्चीही तीच ढकलत होती. हे तिला नीट कळत होतं, आणि कळूनही हात दुसरं काही करायला धजत नव्हते.

यंदा शाळेत नवी टूम निघाली होती. मेळाव्याची सगळी तयारी मुलांच्या कमिटीनं करायची. कमिटीची अध्यक्ष होती दाताच्या डॉक्टरांची मुलगी, जाड भिंगांच्या चष्म्यामुळे जिला सगळे चश्मी म्हणत. चश्मी आणि बटणी एकाच बाकावर बसत. चश्मीच्या अंगात उत्साह मावत नसे. तिनं वर्गावर्गांत जाऊन जुन्या पुस्तकांची विक्री, मोटारी धुणं, हातानं रंगवलेली भेटकार्डं, असं सगळं जुळवून आणलं होतं. बटणीनंही कमिटीसाठी हात वर केला होता.

वर्गशिक्षिका मायेनंच म्हणाल्या होत्या, "तू कशी असशील बाळा कमिटीत? कमिटी देणाऱ्यांची असते."

बटणीनं हे घरी सांगितलं तेव्हा हसत सांगितलं. पण त्या दिवशी ती जेवली नाही. तिला मोटारी धुवायच्या होत्या. तिला डबा घेऊन दारोदार जायचं होतं. ज्या डब्यांनी बाबा परत आणले, तो डबा आपल्या हातात एकदा खुळखुळावा, एवढीच तिची इच्छा होती. देणारी होण्याची परवानगी तिला मिळत नव्हती, आणि अशी परवानगी लागते हे तिला त्या दिवशीच कळलं.

चश्मीला हे पटलं नव्हतं. तिनं आपल्या परीनं वाट काढली आणि मेळाव्याचा मोठा कापडी फलक लिहायचं काम बटणीला दिलं. "कमिटीत नाही, तर नाही. अख्ख्या शाळेत तुझ्यासारखी अक्षरं कुणाची आहेत?" अक्षरं बापाची होती, बोटं लेकीची.

फलकाचा मजकूर मात्र शाळेनं दिला होता, पहिल्या मेळाव्यातला जुनाच. खोलीच्या भिंतीवर कापड ताणून बटणी खडूनं अक्षरं आखत होती आणि रंगारी पलंगावरून बघत होता. तिसऱ्या अक्षरालाच त्याला राहवेना. "अगं, तो काना बघ, दारू प्यायल्यासारखा कललाय. सरक." त्यानं काठी भिंतीला टेकवली, ब्रश घेतला आणि दोन्ही पायांवर उभं राहून लिहायला लागला. इस्त्रीवाली दारातून बघत होती. किती दिवसांनी त्याची पाठ अशी ताठ दिसत होती! हात सुटला होता, ओठांवर शीळ होती, आणि ब्रशाखालून एकेक ठसठशीत अक्षर उतरत होतं. ओळ पुरी झाल्यावर तो दोन पावलं मागे सरला आणि त्यानं ती मोठ्यानं वाचली.

"चला, रंगाऱ्यांना पुन्हा उभं करू या!"

मग तो इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. बटणीही हसली आणि शेवटी इस्त्रीवालीलाही आवरेना. त्या हसण्यात दारावरची टकटक कुणालाच ऐकू आली नाही. दार ढकलून चश्मी आत आली होती. फलक न्यायला.

"काका!" तिचे डोळे चष्म्यामागे केवढे तरी झाले. "काका, तुम्ही उभे आहात!"

रंगारी पलंगावर बसायला वळला, पण उशीर झाला होता. चश्मी टाळ्या पिटत होती. "कधीपासून? मी मोठ्या बाईंना सांगू? मीच सांगणार! मी पहिल्या मेळाव्याला दोन मोटारी धुतल्या होत्या, माहितीय?"

इस्त्रीवालीनं पुढे होऊन दार लावलं आणि त्या मुलीचे दोन्ही हात धरले. "नको गं पोरी. कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस."

"पण मावशी, ही तर चांगली बातमी आहे ना?"

"चांगली आहे, म्हणूनच सांगू नकोस."

चश्मीनं आधी तिच्याकडे, मग बटणीकडे, मग भिंतीवरच्या ओळीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद ओसरत गेला आणि त्याजागी जे आलं ते त्या वयाच्या मुलीच्या चेहऱ्यावर यायला नको होतं. ती ओला फलक भिंतीवरून अलगद काढून घेऊन जिना चढून गेली. आपण आता दुसऱ्याच्या पोरीलाही या खोलीत कोंडलं, असं इस्त्रीवालीच्या मनात आलं.

आभाराचं भाषण वर्गशिक्षिकांनी लिहून दिलं होतं. बटणी ते पाठ करायची तेव्हा रंगारी पलंगावरून ऐकायचा. शेवट असा होता: 'माझे बाबा आता पुन्हा कधीच चालू शकणार नाहीत, परंतु आपण सर्वजण माझ्या बाबांचे पाय आहात.'

"इतके पाय?" रंगारी म्हणाला. "इतके पाय असतात त्या प्राण्याला गोम म्हणतात."

"बाबा, चेष्टा नको. मला हे वाक्य म्हणवत नाही."

"वाक्यच आहे ते. म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

"पण असं कसं म्हणू? तुमच्याबद्दल? कधीच म्हणून?" बटणीनं आईकडे बघितलं. आई वळून फाटक्या गणवेशाचं कोपर बघत राहिली. शिवायचंही नव्हतं आणि इस्त्रीही करायची नव्हती; मग त्या कापडात इतकं काय बघायचं होतं कोण जाणे.

शनिवार उजाडला. शाळेचं सभागृह भरलं होतं. मुलांनी केलेली कामं नावं ठेवण्यासारखी नव्हती. दारात भेटकार्डांचं टेबल, कोपऱ्यात जुनी पुस्तकं, आणि आंघोळ केल्यासारख्या ओल्याचिंब मोटारी बाहेर ओळीनं. पहिल्या रांगेत संस्थेचे चिटणीस, हार्डवेअरचे मालक आणि इतर पाहुणे. रांगेच्या टोकाला ती कानाच्या यंत्राची छोटी मुलगी आपल्या आईबरोबर बसली होती. आईनं तिला जुनं, मापानं मोठं काहीतरी घातलं होतं. इस्त्रीवालीनं ते बघितलं आणि ओळखलं. त्या बाईलाही कुणीतरी मायेनं सांगितलं होतं.

पडदा सरला. मागे फलक लागला होता, रंगाऱ्याच्या हातचा, लांबूनही वाचता येईल असा. इस्त्रीवालीनं खुर्ची ढकलत रंगमंचाच्या मधोमध आणली. सभागृहात 'च् च्' असा हलका आवाज उठला. या आवाजाची तिला आता सवय झाली होती. चश्मीनं बटणीच्या हातात माइक दिला आणि ती बाजूला उभी राहिली.

बटणीनं सुरुवात चांगली केली. पाहुण्यांचे आभार, शाळेचे आभार, कमिटीचे आभार. चुरगळलेल्या गणवेशात ती खरोखरच कुणा अनाथासारखी दिसत होती. पहिल्या रांगेत रुमाल बाहेर आले.

"माझे बाबा आता पुन्हा..."

ती थांबली.

"पुन्हा कधीच," बाजूच्या पडद्याआडून वर्गशिक्षिका हळूच म्हणाल्या. "पुन्हा कधीच चालू..."

बटणीचे ओठ हलले नाहीत. लोकांना वाटलं पोरीला भरून आलं. कुणीतरी टाळी वाजवली, दोघाचौघांनी साथ दिली आणि टाळ्या विरल्या. बटणी तशीच उभी. तिनं बापाकडे बघितलं नाही, आईकडेही नाही. फक्त माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि नाही अशी मान हलवली. ते वाक्य ती म्हणणार नव्हती. आता कुणी कितीही सांगितलं तरी म्हणणार नव्हती.

खुर्चीत बसलेल्या रंगाऱ्यानं मान मागे वळवली. वर, बायकोकडे बघितलं. आणि अगदी हलक्या आवाजात, लहान मूल बाहेर जाऊ का म्हणून विचारतं तसं विचारलं, "उठू का गं?"

सगळ्या गावाला उंचावरून हाका मारणारा माणूस. इमारतीच्या टोकाला दोरावर लोंबकळत गाणी म्हणणारा माणूस. स्वतःच्या पायांवर उभं राहायला तो परवानगी मागत होता, आणि ती तिच्याकडे मागत होता. फी, इमारतीतले कपडे, मोठ्या बाईंचं तोंड, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग तिनं वाकून खुर्चीचा ब्रेक लावला, पुढे आली, हात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उठा."

तो उठला. आखडलेला खुबा लगेच सरळ होईना. पहिलं पाऊल वाकडं पडलं, दुसरं जरा बरं. बटणीनं माइक खाली ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं येऊन त्याची काठी झाली. रंगमंचाच्या कडेपर्यंत तो चालत आला. मागे त्याच्याच हातची ओळ होती.

तेवढ्यात त्या छोट्या मुलीनं, ऐकू कमी येणारी मुलं बोलतात तशा मोठ्या आवाजात, आईला विचारलं, "आई, ते चालतायत?"

तिच्या आईनं मान हलवली.

मग हार्डवेअरचे मालक उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. "म्हणजे चालता येत होतं? आणि आम्हाला इतके दिवस फसवत होतात?"

इथे थांबून एक गोष्ट बघावीशी वाटते. याच माणसांनी या माणसाच्या पायांसाठी पैसे दिले होते. ते पाय समोर उभे होते. आनंद व्हायला हवा होता. आणि पहिल्या रांगेतल्या एकाही चेहऱ्यावर आनंद नव्हता. बाजारात कुणी हातोहात बनवलं की होतात तसे चेहरे झाले होते.

"फसवलं, साहेब," इस्त्रीवाली म्हणाली. "खरं आहे ते. तुमचे पैसे वाया गेले नाहीत, हे तुमच्यापासून लपवलं. तुमच्या पैशानं हे बरे झाले. ते सांगायची भीती वाटली. कशाची वाटली ते आता तुमच्या तोंडाकडे बघून कळतंय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती तिघं रंगमंचावरून उतरली आणि सभागृहाच्या मधल्या वाटेनं दाराकडे निघाली. वाट लांब होती आणि रंगाऱ्याला वेळ लागत होता. लोक आपल्या चपलांकडे, छताकडे, कार्यक्रमपत्रिकेकडे बघत होते. दाराशी चश्मी धावत आली. तिनं दार उघडून धरलं, आणि तिघं बाहेर पडेपर्यंत धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली कपड्यांची गाठोडी कमी आली. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी कमी. वरच्या मजल्यावरची माणसं जिना उतरताना आता थांबत नव्हती, रंगाऱ्याची चौकशी करत नव्हती. दाताच्या डॉक्टरांचे शर्ट मात्र रोजच्यासारखे आले, आणि ते घेऊन येणारी चश्मी बटणीशी तासभर पायरीवर बसून बोलली. समोर बेकरीच्या दारात रंगारी पाटीवर शेवटचा हात मारत होता, भर उन्हात, रस्त्यातल्या सगळ्यांसमोर. मध्येच थकून स्टुलावर बसे, पुन्हा उठे. खोलीचा पडदा इस्त्रीवालीनं काढला होता, धुतला होता आणि कडक इस्त्री करून कपाटात टाकला होता.

मग शाळेतून निरोप आला. मोठ्या बाईंनी भेटायला बोलावलं होतं.

ती एकटी गेली नाही. जाताना वाट वाकडी करून त्या छोट्या मुलीच्या आईकडे गेली. ती बाई दारात बिचकून उभी राहिली. "पुढच्या वर्षी रंगमंचावर आमची पाळी आहे," ती म्हणाली. "यंत्र दिलं तर तिला ऐकू येईल. आणि ऐकू आलं तर..." तिनं मागे वळून पोरीकडे बघितलं.

"म्हणून तर चला," इस्त्रीवाली म्हणाली. "तिला ऐकू आलं की आपण दोघी जाऊन सांगू, ओरडून सांगू. पण त्याआधी हे सांगून येऊ."

मोठ्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. शेजारी चिटणीस. समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा असं कुणी म्हणालं नाही. "तुम्ही संस्थेची केवढी नाचक्की केलीत, कल्पना आहे?" मोठ्या बाईंनी सुरुवात केली. "लोक आता देताना दहादा विचार करतील. तुमच्याच मुलीसारख्या मुलींचं नुकसान..."

"बाई, तुमचं सगळं ऐकून घेते," इस्त्रीवाली म्हणाली. अंगावर तिनं स्वतः इस्त्री केलेले, एकही सुरकुती नसलेले कपडे होते. "फी भरायला सांगा, थोडी थोडी भरीन. मुलं मदत करतात ती सोन्यासारखी मुलं आहेत. त्यांना करू द्या. माझ्या मुलीलाही त्यांच्यात घ्या, तिला मोटारी धुवायच्यात. पण या बाईच्या पोरीला त्या खुर्चीसारखं लोकांपुढे ढकलत नेऊ नका. एवढं मागायला आलोय आम्ही."

"हे तुम्ही आम्हाला शिकवणार?" चिटणीस म्हणाले.

"नाही, साहेब. मी गेल्या वर्षी याच खोलीत एक सांगायला आले होते. धावत आले होते. ते राहून गेलं. तेवढं आधी सांगू द्या." ती मोठ्या बाईंकडे वळली. एका वर्षापूर्वी घशात अडकलेलं हसू तिच्या तोंडावर आपोआप आलं. "बाई, माझा नवरा चालायला लागला!"

आणि ती मोठ्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत थांबली.

त्या चेहऱ्यावर काय आलं ते मी लिहीत नाही. आपणही कधी कुणाला हात दिला असेल, कुणाच्या फीला, कुणाच्या औषधाला. ते माणूस एक दिवस असं धुतल्या कपड्यांत, ताठ मानेनं आपल्या दारात आलं आणि म्हणालं की मी आता बरा आहे, तर आपल्या चेहऱ्यावर काय येईल ते ज्याचं त्यानं बघावं.

इस्त्रीवालीला उत्तराची घाई नव्हती. रंगारी तिच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत चालत आला होता आणि परतही चालतच जायचं होतं. तोवर फाटकाशी त्याला जरा विसावा मिळत होता.